अक्षरं दिसतात, वाक्य पोचत नाही. मुद्रितशोधनाचं काम सोडावं का?

धुऱ्यावरची (तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती)

नमस्कार मंडळी. इथे छपाई, संपादन, अनुवाद या कामांतली बरीच माणसं आहेत, म्हणून धीर करून विचारते आहे. लांब होईल, पण तोडून सांगितलं तर कळणार नाही.

परवाची गोष्ट आधी सांगते. यवतमाळकडच्या एका निवृत्त गुरुजींच्या आठवणींचं पुस्तक माझ्याकडे प्रूफं तपासायला होतं. डेमी आकार, २४० पानं. त्यात आईच्या स्वयंपाकाचं एक प्रकरण आहे. एक ओळ होती, 'मायनं वरणावर सांभार भुरभुरला.' मी समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि लिहिलं, 'सांबार ओततात. भुरभुरला कसा? क्रियापद तपासावे.' प्रूफ गेलं. चार दिवसांनी गुरुजींचा फोन आला. रागावले नव्हते. इतकंच म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्याच भागातल्या आहात असं मला सांगितलं होतं."

बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीला सांभारच म्हणतात. माझ्या दारात सांभाराचा वाफा आहे. सकाळी भाजीला मी तोच खुडून आणते. दिवसातून चार वेळा तोंडी येणारा शब्द कागदावर समोर आला आणि मला ओळखू आला नाही. पुण्याच्या कोणी ही खूण केली असती तर मीच भांडले असते. अशी पुस्तकं माझ्याकडे पाठवतात ती याचसाठी, की वावर (शेत), पऱ्हाटी (कपाशी), धुरा (बांध), बंडी (बैलगाडी) हे शब्द कोणी 'शुद्ध' करून टाकू नयेत. फोन ठेवला आणि कोठ्यात जाऊन बसले. गाय रवंथ करत होती. तिच्याजवळ बसून खूप रडले.

हे एका शब्दापुरतं असतं तर विचारलं नसतं. मी १४ वर्षं हे काम करते. पहिली पाच पुण्यात एका प्रकाशनात नोकरी केली. मग सासरे गेले, वावर बघायला कोणी नव्हतं, म्हणून आम्ही गावी आलो. तेव्हापासून घरूनच काम. चार-पाच प्रकाशक पीडीएफ पाठवतात. मी मोर्शीला जाऊन प्रिंट काढते, कारण कागदावर चूक जशी दिसते तशी पडद्यावर दिसत नाही. लाल पेनने वाचते, मग दुरुस्त्या पीडीएफवर चढवून परत पाठवते. गावात रेंज घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, चढलं की येते, म्हणून मोठी फाइल असली की रात्री दहानंतर वर जाऊन बसायचं.

हे काम मला आवडायचं. 'आवडायचं' लिहिताना हात अडखळला, पण खरं तेच आहे. भिंतीवर मी लेखनाचे अठरा नियम स्वतःच्या अक्षरात लिहून लावलेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार. पूर्वी 'माहीत' आणि 'माहिती' यातला एक ऱ्हस्व-दीर्घ सापडला तरी दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटायचं. आमच्याच तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे लीळाचरित्र सिद्ध केलं आणि पुढे कितीतरी जणांनी त्या पोथ्या हाताने उतरवून ठेवल्या. अक्षर बिघडू नये म्हणून जपणाऱ्या त्या माणसांच्या ओळीत आपण कुठेतरी शेवटी बसलोय, असं मला मनापासून वाटायचं.

कधी बदललं ते नेमकं सांगता येत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याला ९६ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी मुलीला घेऊन गेले होते. ग्रंथप्रदर्शनात मी वाचलेली सात-आठ पुस्तकं मांडलेली होती. मुलगी म्हणाली, "आई, हे तुझं ना?" मी एकही हातात घेतलं नाही. उघडलं आणि चूक दिसली तर, ही भीती होती. त्याहून वाईट म्हणजे, नाही दिसली तरी काही वाटणार नाही, हे आतून कळत होतं. त्या दिवशी मी ते घरी कोणालाच बोलले नाही.

आता कामाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय उत्तर कसं देणार तुम्ही? वर्षात मोकळा महिना उरलेला नाही. जानेवारी ते मार्च संमेलनाची आणि ग्रंथालय खरेदीची पुस्तकं, सगळ्यांना ३१ मार्चच्या आत हवी असतात. त्यानंतर जूनपर्यंत शाळेची, मार्गदर्शकं, व्यवसायमाला. आमच्याकडे तेव्हा ४५ अंश असतं, कूलरला पाणी भरायचं आणि वाचायचं. आषाढ सरला की दिवाळी अंक. अंकाचं काम म्हणजे वीस लेखकांच्या वीस तऱ्हा, आणि शेवटचा लेख नेहमी अंक छपाईला जायच्या आदल्या रात्री येतो. दिवाळी झाली की कापूस वेचणी. ती संपते न संपते तोच पुन्हा जानेवारी.

त्यात फॉन्टचं. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघताहेत, मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये असतो, तो युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरं मोडतात. सगळ्यात जास्त मोडतो तो 'ऱ्या' आणि 'ऱ्ह'. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'कुऱ्हाड'चं 'कुर्हाड'. वऱ्हाड आणि पऱ्हाटी हे दोन शब्द ज्या पुस्तकात पानोपानी आहेत, त्यात मी ते हाताने सरळ करत बसते. एका कादंबरीत तीन दिवस निव्वळ 'वऱ्हाड' दुरुस्त केलं. वाचायचं राहिलंच. आणि पानामागे पैसे मिळतात ते वाचण्याचे, हे सरळ करण्याचे वेगळे नाहीत. पानाला १२ रुपये, त्यात दोन वाचनं. तेही पुस्तक बाजारात आल्यावर.

गेल्या वर्षी एका प्रकाशनाच्या पुस्तकात पाठीवर लेखकाचं आडनाव चुकलं. मुखपृष्ठ माझ्याकडे आलंच नव्हतं. तरी लेखकाला सांगण्यात आलं की प्रूफं बाहेर दिली होती, त्यांच्याकडून राहिलं. मी मेल दाखवली, त्यावर 'जाऊ द्या आता' एवढंच उत्तर आलं. तेव्हापासून प्रत्येक पान दोनदा नाही, चारदा बघते, आणि चारदा बघूनही 'सांभार' दिसत नाही.

गावात हे कोणाला सांगू? शेजारची बाई दिवसभर उन्हात तण निंदते आणि रात्री स्वयंपाक करते. या जिल्ह्यांत माणसं कर्जापायी काय करून घेतात ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यात जाऊन मी 'खुर्चीवर बसून थकले' कशी म्हणू? सासूबाई मायाळू आहेत, पण त्याही विचारतात, "बसल्या जागी काऊन थकते वं? बरं नाई का तुले?" मला उत्तर येत नाही.

झोप लागते, पण पहाटे तीनला जाग येते आणि छताकडे बघत मी मनात ओळी दुरुस्त करत असते. मुलीचा निबंध वाचवत नाही. स्वतःसाठी पुस्तक उघडून आठ महिने झाले.

तर विचारायचं हे की, हे तुमच्यापैकी कोणाला झालंय का? त्यातून माणूस परत वाचायला लागतो का? की हे काम सोडून द्यावं? घरात त्या पैशाची गरज आहे हेही सांगून ठेवते. मुलगी नववीत आहे.

खिळेजुळारी (यवतमाळ)

ताई, मी १९७४ साली सतरा वर्षांचा असताना तालुक्याच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायला लागलो. तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. पाठीवरच्या आडनावाबद्दल आधी बोलतो, कारण मला त्याचाच जास्त राग आला. छापील चूक कधी एकट्याची नसते. लेखकाची असते, जुळवणाऱ्याची असते, वाचणाऱ्याची असते आणि छापायचा हुकूम देणाऱ्याची तर असतेच. आमच्याकडे शेवटच्या प्रुफावर मालकाची सही लागायची. 'छापावे' असं लिहून खाली सही. ती सही झाली की पुढची चूक मालकाची. तुम्ही अशी सही मागा. मेलवर मागा. मुखपृष्ठ, पाठ आणि आतलं श्रेयाचं पान पाहिल्याशिवाय पुस्तक वाचून झालं असं कळवूच नका.

आता दुसरी गोष्ट. हल्लीच्या कामात ती कोणाच्या ध्यानात येत नाही. आमचं काम हातांचं होतं. स्टिकमध्ये उलटी अक्षरं ओळीने लावायची, गॅलीत उतरवायची, सुतळीने बांधायची, शाई फिरवून ठसा काढायचा. मग तो ठसा वाचून येईपर्यंत आम्ही मोकळे. छापून झालं की एकेक खिळा धुऊन केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, ज्याच्या त्याच्या घरात टाकायचा. त्या कामाला डोकं लागत नव्हतं. बोटांना माहीत असायचं 'क' कुठे आणि अर्धा 'त' कुठे. तासन्‌तास आम्ही खिळे टाकत गोष्टी करत बसायचो. मालकाला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटायचा. आज मला वाटतं, त्या वेळातच आमची डोकी धुऊन निघत होती. तुमच्याकडे एक पीडीएफ गेली की दुसरी उभी. खिळे घरात टाकायचा वेळच तुमच्या कामातून काढून घेतला आहे. तो परत कसा आणायचा ते तुम्ही ठरवा, पण आणा.

आणि वाचणारे दोघं असायचे. एक मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सगळं बोलून, आणि दुसरा प्रुफावर बोट फिरवायचा. आमच्याकडे मूळ प्रत वाचायला मालकांची विधवा बहीण बसायची. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. पण वाक्य लंगडलं की ती थांबायची. "हे बरोबर नाही लागत," एवढंच म्हणायची, आणि नव्वद टक्के वेळा तिथे शब्द गळलेला निघायचा. डोळा सवयीने चालतो, कानाला फसवणं अवघड असतं. 'सांभार भुरभुरला' हे तुम्ही मोठ्याने म्हटलं असतं तर तुमच्या कानाने तुम्हाला सांगितलं असतं.

माझं काय झालं तेही सांगतो. ऑफसेट छपाई आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, आलं, खिळे भंगारात किलोवर गेले. मी कॉम्प्युटर शिकलो, एकटा बसून टाईप करायचो. दोन वर्षांत तुमच्यासारखंच झालं. मी सोडलं. वर्षभर किराणा दुकानात हिशेब लिहिले. मग परत आलो, पण पुस्तकांकडे नाही, लग्नपत्रिकांकडे. पुस्तकं गेली ती गेली. त्याचं दुःख आहे मला, खोटं कशाला सांगू.

समुपदेशक, वर्धा जिल्हा

ताई, तुम्ही बारीक लिहिलंय म्हणून नेमकं बोलता येईल.

कामाने असं विझत जाण्याला १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 'बर्नआउट' हे नाव दिलं. तो न्यूयॉर्कमध्ये एका मोफत दवाखान्यात काम करत होता आणि त्याने पाहिलं की ज्यांना कामाचा सगळ्यात जास्त जिव्हाळा, तीच माणसं आधी रिकामी होतात. पुढे क्रिस्तिना मॅस्लॅक यांनी त्याच्या तीन बाजू मांडल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही साधारण त्याच तीन बाजू आहेत: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संमेलनात पुस्तक हातात न घेणं ही दुसरी बाजू आहे. चारदा बघूनही भरवसा नसणं ही तिसरी. त्या वर्गीकरणात याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागी सांभाळला न गेलेला ताण म्हटलंय. म्हणजे दोष तुमच्या घडणीत शोधू नका. मॅस्लॅक यांनी पुढे ज्या सहा जागा दाखवल्या त्या तुमच्या पोस्टमध्ये जवळजवळ सगळ्या आहेत: कामाचं ओझं, त्यावर आपला ताबा नसणं, मोबदला, सोबत, न्याय, आणि आपण ज्यासाठी काम करतो ते मूल्य. नुसती विश्रांती घेऊन ओझं थोडं हलकं होईल, पण न्याय आणि सोबत विश्रांतीने मिळत नाही. म्हणून वरच्या काकांनी सही मागायला सांगितलं ते मला औषधासारखं वाटलं.

पण दोन गोष्टी मला सतावतात. पहाटे तीनला जाग येणं, आणि कामाबाहेरचंही वाचवेनासं होणं, मुलीचा निबंधसुद्धा. बर्नआउट कामाशी बांधलेला असतो. तो कामाचं कुंपण ओलांडून जेवण, झोप, मुलं, सण सगळीकडे पसरला तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्याला उपचार आहेत. ते घरी बसून ठरवू नका. जिल्हा सामान्य रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर असतात. तिथपर्यंत जाणं लगेच जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटल्याचा विचार एकदाही डोकावला असेल तर आजच फोन करा. मी हे कोणालाही विचारते, तुम्हालाही विचारलं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या. आपल्याकडच्या बायका वर्षानुवर्षं कमी रक्तावर कामं ओढतात आणि त्यालाच स्वभाव समजतात. चाळिशीच्या आसपास असाल तर चष्म्याचा जवळचा नंबरही तपासा. वाचताना दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघा. दारासमोर कडुनिंब असेल तर उत्तम.

आणि शेजारच्या बाईशी तुलना थांबवा, ताई. त्या निंदतात तेव्हा त्यांची पाठ थकते आणि सगळ्यांना ती दिसते. तुमचं लक्ष थकलं आहे. लक्ष हे तुमचं अवजार आहे. विळा बोथट झाला तर आपण त्याला धार लावतो, त्याची लाज वाटून घेत नाही.

लहान प्रकाशक (नागपूर)

हे प्रकाशकाच्या बाजूने लिहितो आहे, पण सफाई द्यायला नाही.

माझी आवृत्ती ५०० प्रतींची असते. वितरक आणि दुकानदार यांच्यात छापील किमतीचे ४० टक्क्यांच्या आसपास जातात. कागद, छपाई, बांधणी वजा केली की मुद्रितशोधनाला जे उरतं तेच आम्ही देतो, म्हणजे सगळ्यात शेवटी, आणि पुस्तक विकलं गेल्यावर. हे चूक आहे. आम्ही छपाईवाल्याचे पैसे थकवत नाही, कारण तो पुढचं पुस्तक अडवेल. मुद्रितशोधक अडवत नाही, म्हणून त्याचे थकतात. इतकं साधं आहे ते.

तुम्ही अडवा, ताई. मला माझ्या मुद्रितशोधकाने दोन वर्षांपूर्वी लिहून दिलं: अर्धे पैसे पहिलं वाचन झाल्यावर, उरलेले दुसरं परत पाठवताना, फॉन्ट बदललेला मजकूर असेल तर दर वेगळा, आणि दिवसाला दोन फॉर्मांच्या वर वाचणार नाही. दोन फॉर्मे म्हणजे ३२ पानं. मला राग आला होता. मग हिशेब केला. २४० पानांचं पुस्तक पंधरा फॉर्मांचं, एक वाचन आठ दिवसांत होतं. मला ते घाईघाईने तीन दिवसांत हवं असायचं, कारण लेखकाला मीच चुकीची तारीख दिलेली असायची. तारखा मी बदलल्या. काही बिघडलं नाही.

फॉन्टबद्दल एक कामाची गोष्ट. 'ऱ्या', 'ऱ्ह' मोडतात ते कन्व्हर्टर तो र नीट ओळखत नाही म्हणून. डीटीपीवाल्याला सांगा की तुमच्याकडे पाठवण्याआधी 'र्या' आणि 'र्ह' शोधून काढ. सरसकट बदलता येत नाही, कारण 'सूर्या', 'आर्या', 'अर्हता' बरोबरच असतात. पण यादी काढून तो तासाभरात हातावेगळं करतो. हे काम डीटीपीचं आहे, मुद्रितशोधकाचं नाही. तुमचे ते तीन दिवस कोणीतरी तुमच्या माथी मारले होते.

अनुवाद सोडलेली (चंद्रपूर)

मी सोडलं. बालवाडीत शिकवते. दोन वर्षं काही वाचलं नाही, मग एक दिवस मुलांना गोष्ट सांगण्यासाठी पुस्तक उघडलं आणि ते संपवलं. सोडणं म्हणजे हरणं नाही, एवढंच सांगायला आले. पण तुमचं पोस्ट वाचताना वाटलं की तुम्हाला काम नको नाही, ही पद्धत नको आहे. माझं तसं नव्हतं. मला अनुवादच नको झाला होता.

धुऱ्यावरची (तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती)

सगळ्यांचं वाचलं. पंधरा दिवसांनी लिहिते आहे, कारण काही केल्याशिवाय नुसते आभार मानायचे नव्हते.

समुपदेशक ताई, तसा विचार मनात नाही. १४४१६ ला मी फोन केला, धाब्यावर जाऊन. पलीकडची मुलगी मराठीत बोलली, वीस-पंचवीस मिनिटं. तिनेही डॉक्टरांकडे जायला सांगितलं. अमरावतीला जाऊन आले. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. जवळचा नंबरही आला आहे, चष्मा पुढच्या आठवड्यात मिळेल. झोपेबद्दल डॉक्टरांनी महिनाभराने पुन्हा बोलावलंय. मी जाणार आहे. ज्या गोष्टीला मी चौदा वर्षांच्या निष्ठेची धूळधाण समजत होते, तिचा काही भाग रक्तात आणि काही काचेत होता, हे ऐकून एसटीत बसल्यावर पुन्हा रडू आलं. पण ते वेगळं रडू होतं.

नागपूरच्या दादांनी लिहिलं तसं पत्र मी पाचही प्रकाशकांना पाठवलं. पत्र लिहायला दोन रात्री लागल्या. अर्धे पैसे आधी, फॉन्टचा दर वेगळा, दिवसाला दोन फॉर्मे, शेवटच्या प्रुफावर 'छापावे' आणि नाव. तिघांनी होकार दिला. त्यातल्या एकांनी लिहिलं की हे तुम्ही आधीच का नाही सांगितलं. एकांचं उत्तर नाही. पाठीवरचं आडनाव चुकलं होतं त्यांनी कळवलं की आमच्याकडे अशी पद्धत नाही. त्यांचं काम मी थांबवलं. महिन्याचा मोठा हिस्सा जाईल. घरी हिशेब मांडला, एवढ्यात मुलीच्या शिकवणीचे पैसे तुरीतून काढू, असं हे म्हणाले. दिवाळी अंक या वर्षी एकच घेतलाय.

गुरुजींना मी फोन केला. माफी मागायला केला होता, पण त्यांनी विषयच काढू दिला नाही, त्यांच्या आईच्या पाटोडीच्या रश्शाची कृती सांगत बसले. त्यांचं दुसरं वाचन माझ्याकडेच आहे.

खिळेजुळारी काका, तुमचं मात्र मी त्याच दिवशी करून पाहिलं. आता दुपारी सासूबाई शेंगा फोडत बसतात आणि मी गुरुजींचं पुस्तक त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. एका दिवशी एकच फॉर्मा. पहिले दोन दिवस त्या नुसत्या ऐकत होत्या. मला वाटलं कंटाळल्या. तिसऱ्या दिवशी पोळ्याच्या आधीचं एक प्रकरण निघालं, त्यात गुरुजींचे वडील सोयाबीन गुडघ्याला लागलेलं असताना बैल जुंपून वखर मारतात. मी पुढे वाचून गेले होते. सासूबाईंचा हात थांबला.

"थांब. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"उभ्या पिकात वखर कोन मारते वं? पीक उपटून नाई येणार? तिथं डवरा पाह्यजे."

डवरा पिकाच्या दोन ओळींमधून चालतो, वखर मोकळ्या वावरात. मी ती ओळ बघितली. दोनदा वाचलेलं पान होतं ते, वावरात राहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. लाल पेन घेतलं, समासात लिहिलं, 'वखर की डवरा? पीक उभे आहे. कृपया पाहावे.' सासूबाईंनी विचारलं, आता पुढं काय झालं त्या बैलाचं, आणि मी पान उलटलं.